रकाना आखला कुणी, जपला कुणी?

प्रश्न : बाई, आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली झालेल्या कत्तलीबद्दल परवा वाचलं. लेखात सगळा दोष बेल्जियमच्या राजवटीवर होता. पण बेल्जियन १९६२ लाच निघून गेले. बत्तीस वर्षांनी शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं, त्याला साहेब कसा जबाबदार? आपल्याकडेही काही झालं की इंग्रजांकडे बोट दाखवतात. ही पळवाट नाही का?
– एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : पळवाट होऊ शकते, मान्य. ज्याने मारलं, पाप त्याचंच. पण समोरचा ‘आपला’ की ‘त्यांचा’ हे त्याला कशावरून कळलं, तेही विचारायला हवं.

रवांडात हुतू आणि तुत्सी हे दोन समाज एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा. एकाच टेकडीवर शेजारी शेजारी राहतात, कुळंसुद्धा सामाईक. ही दोन नावं बेल्जियनांनी काढली असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. नावं जुनी होती, उच्चनीचही होतं, राजा तुत्सी होता. पण गुराढोरांनी वर आलेलं हुतू घर हळूहळू तुत्सी गणलं जाई आणि गुरं गेलेलं तुत्सी घर हुतूंत मिसळे. दार किलकिलं का होईना, उघडं होतं.

आधी तिथे जर्मन होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, बेल्जियनांनी तो मुलूख घेतला. माणसांची नाकं-डोकी मोजून वंश ठरवण्याचे ते दिवस. तुत्सी उंच आणि सरळ नाकाचे, म्हणजे राज्य करायलाच जन्मलेले, असं धरून त्यांनी हुतू मुखियांना बाजूला सारलं. मग १९३० च्या दशकात माणसागणिक ओळखपत्र दिलं आणि त्यावर वंशाचा रकाना आखला. बापाचा वंश तोच मुलाचा. दार बंद झालं. पुढे तुत्सी पुढारी स्वातंत्र्य मागू लागले, तेव्हा याच साहेबांनी हुतूंची बाजू घेतली. १९५९ पासून तुत्सींची घरं जळू लागली, हजारो लोक युगांडात आणि इतर शेजारी देशांत पळाले.

तुमचा मुद्दा खरा ठरतो तो इथून पुढे. १९६२ नंतर ते कार्ड रद्द करायला कोण आडवं येत होतं? नव्या सरकारने ते जपलं. शाळेत आणि नोकरीत तुत्सींना किती जागा द्यायच्या ते त्यावरून ठरू लागलं. वर्गात मास्तर मुलांना वंश विचारून उभं करीत. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि पुढच्या शंभरेक दिवसांत सुमारे ८ लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली. वाटेवाटेवर अडथळे उभारून आधी कार्ड मागत. मारेकऱ्यांना साथ न देणारे हुतूही त्यात गेले.

मुलांना वर्गात उभं करण्याचं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. ते मीही केलं आहे.

१९८८ चा जून. पाचवीचा वर्ग. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे म्हणून मी एकेकीला उभं करून सगळ्यांसमोर जात आणि पत्ता विचारत होते. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली ती सरळ टेबलापाशी आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, तेवढं सेटलमेंट लिहू नका की. नुसतं सोलापूर लिहा.” फ्रॉकची किनार तिने मुठीत घट्ट पिळून धरली होती. ‘ब्यास’ म्हणून मी नुसतं सोलापूर लिहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. उरलेल्या मुलींना विचारायचं थांबले नाही, हे आज लिहिताना फार लागतं.

सोलापूरकरांना सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने हे लोण मुंबई इलाख्यात आलं. कैकाडी, टकारी, पारधी, माकडवाले अशा लोकांना आपल्या गावात तारेच्या कुंपणात ठेवलं. दिवसा गिरणीत काम आणि ठरल्या वेळी हजेरी. त्या मुलीची आजी शाळेत आली होती तेव्हा म्हणाली, “हजेरी म्हणू नका बाई, पट म्हणा.” तेव्हापासून मी पटच म्हणत आले.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आणि त्यातून सुटलेल्या या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. कुंपण काढलं, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि चोरी झाली की पहिली जीप त्याच वस्तीत जायची. १९५२ नंतर त्या जीपमध्ये इंग्रज बसलेला नव्हता. रकाना आखणाऱ्याला मी कधीच माफ करणार नाही, पण आपण जपला तो आपल्या खाती.

प्रश्न : रवांडात आता ओळखपत्रावर वंश लिहीत नाहीत म्हणे. आम्ही विमुक्त समाजातले. मुलीच्या फॉर्मवरचा जातीचा रकाना कोरा सोडावा का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : कोरा सोडू नका, ताई. रवांडाने कत्तलीनंतर रकाना काढला ते योग्यच केलं. पण तिथे फूट पाडणाऱ्या बोलण्याविरुद्धचा कायदा सरकारवर टीका करणाऱ्यांवरही चालवला जातो, असा आक्षेप आहे. नाव पुसलं म्हणून झालेलं नुकसान भरून येत नाही. आपल्याकडे विमुक्त जाती-अ साठी ३ टक्के जागा आहेत, त्या तुमच्या मुलीच्या हक्काच्या आहेत. दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. घरात कागद नसेल तर आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले तिथे जनरल रजिस्टरचा उतारा मागा.

वर सांगितलेली मुलगी काही वर्षांपूर्वी माझ्या दारात आली, तिच्या लेकीच्या जात वैधतेसाठी. आम्ही दोघी तिच्या वडिलांच्या शाळेत गेलो. क्लार्कने १९५७ चं रजिस्टर काढलं, पानं कडेने झडत होती. वडिलांचं नाव सापडलं. त्यापुढे पत्ता होता, राहणार सेटलमेंट. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि क्लार्कला म्हणाली, “हे नीट वाचता येईल असं लिहून द्या, साहेब.”