वाचकांचे प्रश्न: एक टक्का बायकोच्या नावावर सरकवला की झालं का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, आता न्यू जर्सीत एडिसनला असतो. माझी आणि ह्यांची मिळून ऑफिस क्लीनिंगची एलएलसी (भागीदारांची छोटी कंपनी) आहे, पन्नास-पन्नास टक्के, दोघंही सिटिझन. ओळखीतले एक जण म्हणाले की एक टक्का वहिनींच्या नावावर सरकवा, 'वुमन ओन्ड' सर्टिफिकेट मिळतं आणि मग सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळतात. आमची लेक यूएस आर्मीत होती, गुडघा गेला म्हणून बाहेर पडली, तिला व्हीएचं (माजी सैनिकांचं सरकारी खातं) १० टक्के डिसॅबिलिटी रेटिंग आहे. मग 'वुमन ओन्ड' आणि 'डिसेबल्ड व्हेटरन' म्हणजे सेवेत इजा झालेल्या माजी सैनिकांचं, अशी दोन्ही सर्टिफिकेटं काढता येतील का? एक एजंट त्याचे बरेच डॉलर मागतोय. (एक वाचक, एडिसन)

उत्तर: ताई, आधी त्या एजंटला पैसे देऊ नका. हे सर्टिफिकेट एसबीए म्हणजे स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन देतं आणि त्याला फी नाही, त्याआधी सॅम डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर कंपनी रजिस्टर करावी लागते तेही फुकट. कागदपत्रांना मदत हवी तर एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर नावाची केंद्रं आहेत, पूर्वी त्यांना पीटॅक म्हणायचे, तिथली माणसं फुकटात किंवा अगदी कमी पैशात सोबत बसून सांगतात.

आता मुद्द्याचं. ५१ टक्के मालकी ही फक्त पहिली पायरी आहे, एसबीए बघतं की कंपनी चालवतं कोण. सगळ्यात वरचं पद तुमचं हवं, रोजचा कारभार आणि पुढचे मोठे निर्णय तुमचे हवेत. एलएलसीच्या ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये, म्हणजे कंपनी कशी चालवायची त्या करारात, जर लिहिलं असेल की मोठ्या निर्णयाला दोघांची संमती पाहिजे, तर ५१ टक्के असूनही अर्ज अडकतो, कारण मग ह्यांच्या हो शिवाय तुमचं काही चालत नाही. आपल्याकडे सरपंचपती बघितलेत ना, खुर्चीवर बाई आणि सह्या कुठे करायच्या ते सांगणारा नवरा, अगदी तेच इथे चालत नाही आणि चालू नये असं मला मनापासून वाटतं. बायकांच्या धंद्यांसाठीचा १९८८ चा कायदा यायच्या आधी या देशात कितीतरी राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज काढताना घरातल्या पुरुषाची सही लागायची, त्यातून बाहेर पडायला बायका झगडल्यात, बायकांसाठीची ही सर्टिफिकेटची सोय खोट्या टक्क्याने वापरू नका. आणि खोटी माहिती दिली तर दंड, सरकारी कामातून बंदी, केस, सगळं होऊ शकतं. पूर्वी स्वतःच 'आम्ही वुमन ओन्ड' असं लिहून दिलं की भागायचं, ऑक्टोबर २०२० पासून महिलांसाठी राखीव कॉन्ट्रॅक्टला ते बंद आहे.

तुम्ही खरंच कंपनी चालवत असाल, माणसं तुम्ही ठेवता, रेट तुम्ही ठरवता, तर अ‍ॅग्रीमेंट बदला, ५१ करा आणि बिनधास्त अर्ज करा.

लेकीचं गणित वेगळं आहे. तुमचे ५१ आणि तिचे ५१ मिळून १०२ होतात, त्यामुळे दोघींच्या जोरावर दोन सर्टिफिकेटं नाही मिळणार. पण ती बाई पण आहे आणि डिसेबल्ड व्हेटरन पण, म्हणजे तिच्या एकटीच्या नावावर ५१ टक्के असतील आणि कंपनी तीच चालवत असेल तर दोन्ही मिळू शकतात. रेटिंग १० टक्के आहे म्हणून घाबरू नका, सर्व्हिसमुळे झालेली इजा व्हीएने मान्य केलेली असली की पुरे, शून्य टक्के रेटिंगवालेसुद्धा चालतात. व्हेटरनच्या सर्टिफिकेटचं काम आधी व्हीएकडे होतं, १ जानेवारी २०२३ पासून तेही एसबीएकडे आलंय, नाव वेटसर्ट. यात एक मोठा फायदा असा की महिलांची राखीव कॉन्ट्रॅक्ट ठरावीक नेक्स कोडांपुरती (धंद्याच्या प्रकाराचे सरकारी नंबर) असतात, म्हणून तुमच्या कामाचा कोड यादीत आहे का ते आधी बघा, डिसेबल्ड व्हेटरनला तसं बंधन नाही. शिवाय व्हीए स्वतः खरेदी करताना व्हेटरनच्या कंपन्यांना आधी विचारतं, तिथली क्लीनिंगची कामं तुमच्या उपयोगाची. पण लेक दुसरीकडे फुल टाइम नोकरी करत असेल आणि इथे फक्त नाव लावायचं असेल तर पुन्हा तीच सरपंचपतीची गोष्ट. तिला विचारा तिला हा धंदा करायचाय का, आधी हे तिला विचारा, फॉर्म नंतर.

आणि सर्टिफिकेट मिळालं म्हणजे काम मिळालं असं नाही. सगळ्या फेडरल कॉन्ट्रॅक्टच्या पैशांपैकी ५ टक्के महिलांच्या कंपन्यांना जावेत असं टार्गेट आहे, डिसेबल्ड व्हेटरनचं ३ होतं तेही आता ५ केलंय, पण बोली लावणं, वेळेत रेट देणं हे तुम्हालाच करावं लागणार.

प्रश्न: माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, कंपनी पूर्ण माझी. मला मिळेल का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर: एसबीएचं नाही मिळणार, त्याला सिटिझनशिपच लागते. पण डब्ल्यूबेंक नावाची संस्था मोठ्या खाजगी कंपन्यांच्या कामासाठी वेगळं सर्टिफिकेट देते, त्यांना ग्रीन कार्ड चालतं. तिथे मात्र फी आहे.