रविवारचे दोन तास मोड, तीन सकाळी कर

प्रिय बाळ,

तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. आठ महिने झाले तरी कँटरला (म्हणजे संथ दौडीला) मांड सुटते, घोडा दर रविवारी पहिला धडा असल्यासारखा वागतो, आणि आता तुला वाटायला लागलंय की आपल्याला हे जमणारच नाही. असं काही नाहीये गं. तुझा व्हिडिओ मी तीनदा बघितला, पाठ सरळ आहे, नजर पुढे आहे, टाच पण बऱ्यापैकी खाली राहते. घोडं अडलंय ते दुसरीकडे. तू रविवारी सलग दोन तास बसतेस आणि मग सहा दिवस पागेकडे फिरकत नाहीस. दुसऱ्या तासाला तुझे पाय थरथरायला लागतात, मग तोल सावरायला तू लगाम धरून लटकतेस (व्हिडिओच्या शेवटी बघ, त्याचं तोंड उघडतंय), आणि मधल्या दिवसांत क्लबातले कितीतरी जण त्याच घोड्यावर बसून जातात, प्रत्येकाचा हात वेगळा, मग त्याने तुझं काय लक्षात ठेवायचं?

तर पहिलं हे कर. तेवढ्याच पैशात आठवड्याच्या तीन सकाळी चाळीस चाळीस मिनिटं मागून घे. मधल्या वारी क्लबात गर्दी नसते, विचारलंस तर बहुतेक देतील.

आणि त्या चाळीस मिनिटांत एकच गोष्ट. सुरुवातीची दहा मिनिटं लगाम सैल सोडून नुसता वॉक, त्याला मान लांब करू दे. मग पुढचे तीन आठवडे फक्त वॉकवरून हॉल्ट, हॉल्टवरून वॉक, वॉकवरून ट्रॉट (दुडकी चाल) आणि परत खाली, दोन्ही बाजूंनी सारखं. कँटरचं नावच काढू नकोस. तुला वाटेल हे लहान मुलांचं काम आहे, पण ड्रेसाजची, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेची, टेस्ट कधी नीट बघ, रायडर आत येतो, मधोमध थांबतो, सलाम करतो, आणि त्या थांबण्याला पण दहापैकी मार्क असतात, घोडा चारी पायांवर सरळ उभा राहिला का हे जज बघतात. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या एशियन गेम्सला आपल्या टीमने याच ड्रेसाजमध्ये गोल्ड आणलं, १९८२ नंतर ४१ वर्षांनी घोडेस्वारीतलं पहिलं गोल्ड, आणि त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. त्या दिवशी मी टीव्हीसमोर रडले. ती सगळी पोरं घरदार सोडून युरोपात जाऊन वर्षानुवर्षं हेच रोज घोटत होती गं.

मला हे कुठे कळलं ते सांगते. माझ्याकडे एक कुम्मैत (तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीची) घोडी होती, तारा. पाय लावला की जागच्या जागी मान उडवायची, पुढे निघायची नाही, मी टाच अजून जोरात मारायची. असे दोन महिने गेले. एक दिवस आमचे म्हातारे मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) खरारा हातात घेऊन कठड्याशी आले न म्हणाले, ताई, तुमचा पाय म्हणतोय चल आन हात म्हणतोय थांब, तिनं ऐकावं कुणाचं? मी खाली माझ्या मुठींकडे बघितलं तर लगाम छातीशी ओढलेला होता, मला पत्ताच नव्हता. हात दोन बोटं पुढे दिला, पोटरी हलकीच लावली, आणि ती निघाली. एक कान मागे माझ्याकडे वळवून, जिभेने ओठ चाटत.

म्हणून पोटरीचा दाब हलका दे आणि तो पुढे निघाला की त्याच क्षणी पाय मऊ सोड. दाब सुटला तेव्हा आपण काय करत होतो तेच त्याच्या डोक्यात बसतं. तू उशिरा सोडलंस तर तो चुकीचं शिकतो, आणि आज एका खुणेवर निघायचं न उद्या दुसऱ्या, असं झालं की तो ऐकायचंच बंद करतो. रायझिंग ट्रॉटला (ट्रॉटच्या ठेक्यावर खोगिरावरून उठत-बसत) घोड्याचा बाहेरचा, कठड्याकडचा खांदा पुढे जाताना उठायचं, हे सध्या तुझं डाव्या बाजूला चुकतंय.

उतरलीस की लगेच घरी पळू नकोस. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजायला शीक. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते, काम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवून ती साठच्या आसपास यायला हवी, नाही आली तर आजचं काम त्याला जड गेलं असं समज आणि पुढच्या वेळी कमी कर. खरारा स्वतः कर, खूर स्वतः साफ कर. पावसाळ्यात तर रोजच, तळव्याच्या मधल्या त्रिकोणी भागाला काळसरपणा आणि घाण वास आला की तिथे सडायला लागलंय, लगेच सांगायचं. आणि ग्राउंडवर चिखल असेल त्या दिवशी बसू नकोस, हातात दोरी धरून त्याच्या शेजारी चाल, थांब, परत चाल, तो पण सरावच आहे. त्या दिवशी काय जमलं काय नाही ते वहीत दोन ओळी लिहून ठेव, मला महिन्याने वाचायचंय.

आठवड्यातून एकदा सरांना सांगून वीस मिनिटं लंजवर (सर मधे उभे राहून लांब दोरीने घोडा गोल फिरवतात ते) बिनरिकिबीचं, म्हणजे पाय कड्यांत न घालता बस, लगाम न धरता. कँटरची मांड तिथेच बसेल. पहिल्या दिवशी भीती वाटेल, खोगिराचा पुढचा भाग धरलास तरी चालेल. फक्त बसायच्या आधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा एकदा बघ, बांधताना पोट फुगवतो तो, आणि रिकिबी खोगिरापुढे मानेवरून आडव्या टाकून ठेव, नाहीतर ट्रॉटला त्याच्या अंगावर आपटत राहतात.

कुठल्या तीन सकाळी मिळाल्या ते कळव.

ताई