हायरच्या झांग रुईमिन यांनी खरंच फ्रिज फोडायला लावले होते का?

प्रश्न असा आहे: “हायरच्या प्रमुखाने स्वतःच्याच कारखान्यातले फ्रिज हातोड्याने फोडायला लावले, हे खरं की व्हॉट्सअ‍ॅपवरची कथा? मुळात हा माणूस कोण?”

खरं आहे. हायर ही घरगुती उपकरणं बनवणारी चिनी कंपनी. साल १९८५, फ्रिज ७६. पण मला विचाराल तर हातोड्यापेक्षा त्याच्या आधीची गोष्ट जास्त भारी आहे.

झांग रुईमिन यांचा जन्म १९४९चा, शानदोंग प्रांतातला. डिसेंबर १९८४ मध्ये छिंगदाओ शहरातल्या एका फ्रिज कारखान्यावर (हाच पुढे हायर झाला) त्यांची नेमणूक झाली. त्या एका वर्षातले ते चौथे संचालक. डोक्यावर १४ लाख ७० हजार युआनचं कर्ज, पगाराला पैसे नाहीत. थंडीत शेकायला कामगारांनी खिडक्यांच्या चौकटी जाळलेल्या. झांग यांनी आजूबाजूच्या गावांकडून उसने पैसे आणून पगार केले आणि तेरा नियम लावले. त्यातला एक: वर्कशॉपमध्ये मलमूत्र विसर्जन करू नये. दुसरा: कारखान्यातला माल चोरू नये. सिक्स सिग्मासारख्या दर्जा सुधारण्याच्या पद्धती वगैरे सगळं फार पुढचं. सुरुवात इथून!

मग एका ग्राहकाचं तक्रारीचं पत्र आलं. झांग यांनी गोदामातले चारशेच्या वर फ्रिज तपासायला लावले, त्यात ७६ सदोष निघाले. काहींवर नुसते ओरखडे होते. लोक म्हणाले, कामगारांनाच स्वस्तात देऊन टाका. एका फ्रिजची किंमत आठशे युआनच्या वर, म्हणजे कामगाराचा जवळपास दोन वर्षांचा पगार. शिवाय तेव्हा चीनमध्ये मालाला पहिली, दुसरी, तिसरी प्रत लावायची पद्धत होती; कसलाही माल असो, गेटबाहेर जायचाच. झांग यांनी ते फ्रिज ज्यांनी बनवले त्यांच्याच हातात हातोडा दिला. स्वतःचाही पगार कापून घेतला.

मी भोसरीत फ्रिजच्या दाराचं गॅस्केट (दार घट्ट बसवणारी रबरी पट्टी) बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये अकरा वर्षं क्वालिटीत काढली. दारात कागदाची पट्टी धरायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. सहज निघाली तर गॅस्केट फेल. महिनाअखेरीला मात्र डिस्पॅचवाल्याचा फोन यायचा, “साहेब, डेव्हिएशनवर सोडा ना.” म्हणजे निकषात न बसणारा मालही खास परवानगीने पाठवा. आणि मी सही करायचो. आमची ‘दुसरी प्रत’ म्हणजे हेच डेव्हिएशन. म्हणून कुणी त्या हातोड्याला नाटक म्हटलं तर मला पटतं, नाटक होतंच. पण ‘दुसरी प्रत’ हा शब्दच कारखान्यातून हद्दपार करायचा, तर नोटीस लावून ते होत नाही. तो हातोडा आता बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

नावाचीही गंमत सांगतो. या कारखान्याच्या फ्रिजचं तंत्रज्ञान जर्मनीच्या लीबहेर कंपनीचं. चिनी लोक तिला ‘लिबोहायअर’ म्हणतात, त्याचं शेपूट म्हणजे हायर.

पुढचं थोडक्यात. नव्वदच्या दशकात त्यांनी आजारी कारखाने घेतले. त्यांना ते ‘बेशुद्ध मासे’ म्हणत: मशिनरी धड, व्यवस्थापन झोपलेलं. २०१२ मध्ये न्यूझीलंडची फिशर अँड पायकेल, २०१६ मध्ये अमेरिकेच्या जीईचा (जनरल इलेक्ट्रिक) घरगुती उपकरणांचा व्यवसाय. आपल्याकडे रांजणगाव एमआयडीसीतला प्लांट २००७ पासून.

२००५ पासून त्यांनी कंपनीचे छोटे छोटे स्वतंत्र गट पाडले आणि मॅनेजरांची मधली फळी जवळपास उडवली. परिषदांमध्ये याचं फार कौतुक होतं. ज्या हजारो मॅनेजरांच्या खुर्च्या गेल्या त्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि एक, त्यांना ‘हायरचे मालक’ म्हणू नका. हायर सामूहिक मालकीचा उद्योग. झांग शेवटपर्यंत नेमलेले संचालकच होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, ते पायउतार झाले आणि खुर्ची झोउ युनजिए यांच्याकडे गेली.