वाचलेलं लक्षात राहत नसेल तर पुस्तक उघडायच्या आधी काय करायचं

तुम्ही लिहिलंय की घरची शेती लातूरकडे आहे, एमपीएससीची तयारी चाललीये आणि भूगोल कितीदा वाचला तरी डोक्यात राहत नाही. माझं ऐकाल तर आता परत वाचू नका. पुस्तक बंद ठेवून एका कोऱ्या कागदावर त्या टॉपिकबद्दल आपल्याला जे काही माहितीये ते लिहून काढा, चुकलं तरी चालेल.

मृदा हाच टॉपिक घ्या ना. काळी जमीन तुम्ही लहानपणापासून बघताय, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात चिखल असा की चप्पल रुतून बसते, लवकर वापसा येत नाही म्हणून औत अडून राहतं आणि रब्बीची ज्वारी मात्र नुसत्या ओलीवर येते. हे सगळं लिहा आणि मग पुस्तक उघडा. तिथं असतं, रेगूर मृदा, बेसाल्टपासून म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या खडकापासून बनलेली, चिकणमाती जास्त, ओलावा धरून ठेवते. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर भेगा! मग पाठ करायला उरलं काय, रेगूर हे नाव, बेसाल्ट आणि तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.

यावर अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांचा एक छान अभ्यास झालाय. शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या मॅचचा उतारा वाचायला दिला, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं ही वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून माझी बुद्धीच कमी असं प्लीज मनात आणू नका.

फक्त एक सांभाळा, आधीचं माहीत असलेलं चुकीचंही असतं. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते असं कितीतरी जणांना वाटतं, खरं तर ती सगळ्यात जवळ जानेवारीत असते आणि ऋतू होतात ते अक्ष कललेला असल्यामुळे. म्हणून वाचून झालं की तो कागद परत घ्या आणि चुकलेलं लाल पेनानं खोडा, अशी खोडलेली गोष्ट सहसा विसरत नाही.

पंचायतराजला गावची ग्रामसभा आठवा, बँकिंगला घरचं पीककर्ज. समित्या आणि त्यांची वर्षं मात्र सरळ पाठ करा, तिथं जोडायला आपल्याकडे फारसं काही नसतं.