नव्या घराच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तर थांबेल का? आणि शेजारच्या डीजेचा त्रास कमी होईल का?

दोन्हींचं उत्तर नाही. 'अंड्यांचे ट्रे' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. लांबलं तर लांबलं.

मी नागपुरात सव्वीस वर्षं साउंडचा धंदा केला. फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून भोंगे भाड्यानं देतो म्हणून सासुरवाडीत बरंच ऐकूनही घेतलं. 2009 च्या मे महिन्यात माझ्या साळ्यानं वर्धा रोडकडे मंगल कार्यालय काढलं. तीस मीटर लांब, अठरा रुंद, आठ उंच. खाली ग्रॅनाईट, भिंतींना टाईल्स, एक बाजू पूर्ण काचेची. पडदा म्हणाल तर चिंधी नाही. आदल्या दिवशी स्पीकर लावायला गेलो आणि मधोमध उभं राहून टाळी वाजवली. पाचेक सेकंद तरी ती विरेना. साळेबुवा खूश. "काय घुमते नं आवाज, जवाईबापू! एकदम मंदिरावानी."

मी त्याला तिथंच सॅबिनची गोष्ट सांगितली. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका नव्या लेक्चर हॉलात बोललेलं काही कळत नव्हतं. सॅबिन हा तरुण प्राध्यापक रात्री-रात्री जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून त्या हॉलात टाकायचा, त्या वाढवत जायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून आवाज विरायला लागणाऱ्या सेकंदांचं सूत्र निघालं: हॉलचे घनमीटर गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण. शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या चौरस मीटरमध्ये, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. ग्रॅनाईट शंभरातला एखाद-दोन भाग शोषतं, बाकी सगळा परत फेकतं. दारं, पीओपी, स्टेज धरून त्या हॉलचं शोषण मी नव्वदच्या आसपास काढलं. म्हणजे साडेसात सेकंद. भाषण नीट कळायला एक सेकंदाच्या जवळपास पाहिजे.

"गाद्या तर बिछायतवाल्याकडे पन्नास पडल्या आहेत," तो म्हणाला, "पण भिंतीला गाद्या लावल्या तर लोक हसतील नं. अन् उद्या पाचशे माणूस येऊन राह्यलं, ते नाही का पिणार आवाज?"

हे त्याचं खरं होतं. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज शोषतो. पाचशे माणसं बसली की साडेसातचे दोनेक सेकंद होतात. मीही मान डोलावली. चूक माझी असेल तर तेवढीच.

दुसऱ्या दिवशी वरात दीड तास उशिरा आली. लोक भुकेजले म्हणून पंगत आधी उघडली, आणि मंगलाष्टकाच्या वेळी माझं सगळं शोषण बाहेरच्या मांडवात पुरी-पाटोडी खात उभं! आत दीडशे माणसं आणि घोंघावणारे चार कूलर. भटजींचा प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसत होता. साळेबुवा धावत आले, "आवाज वाढवा नं, मागं काही समजून नाही राह्यलं!"

आता हे नीट वाचा, कारण सव्वीस वर्षांत एकाही यजमानाला हे पटलं नाही. आवाज वाढवला की स्पीकरमधून थेट येणारा आवाज वाढतो, तसा भिंतींवरून परत येणाराही तेवढाच वाढतो. प्रमाण तेच राहतं. तशा हॉलात स्पीकरपासून चार-पाच मीटरच्या पुढे परतीचा आवाजच वरचढ असतो. उपाय म्हणजे लोकांच्या जवळ लहान-लहान स्पीकर, हळू आवाजात. मी ते आणले होते. फोटोत वायरी दिसतात म्हणून त्यानं लावू दिले नाहीत.

हिशेबात चार हजार कापले. वर पाहुण्यांत सांगत फिरला की उन्हानं साउंड फाटला. अहो, पंचेचाळीस डिग्रीला आवाजाचा वेग सेकंदाला 358 मीटर होतो, वीस डिग्रीला 343 असतो. एवढ्या फरकानं काही फाटत नाही.

पुढच्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून त्यानं मागच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. शंभर हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाच्या एका लाटेची लांबी साडेतीन मीटर. चार-पाच सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याला ती काय दाद देणार? ट्रे शोषतात ते फक्त वरच्या पट्टीचं, म्हणजे नेमके स, श, त, च, ज्यांच्यावर शब्द ओळखू येतात. घुमारा तसाच राहिला आणि 'सावधान'चं 'आवधान' झालं. पुठ्ठा पेटतो ते वेगळंच, आणि हॉलात होमही व्हायचे.

तुमचं सांगायचं तर खोली नवी आहे, रिकामी आहे, म्हणून घुमते. सोफा, जाड चुणीदार पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट येऊ द्या, निम्मं काम आपोआप होईल. आधी कापसाची गादी भिंतीला उभी करून टाळी वाजवून पाहा. डीजेचं मात्र पूर्ण वेगळं प्रकरण आहे. शोषण आणि अडवणं या दोन गोष्टी आहेत. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बंद केलेल्या खिडक्या लागतात, फोमनं काही होत नाही. त्यातही ढोलाचा खालचा आवाज शिरणारच. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, तेवढा आधार धरा.

वरचे आकडे ढोबळ आहेत, बरं का. सॅबिनचं सूत्र आवाज सगळीकडे सारखा पसरलाय असं धरून चालतं, त्यामुळे तुमच्या बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत ते खालच्या सुरांना नीट लागू पडत नाही. त्या मंगल कार्यालयात मात्र पडतं. साळेबुवांनी मागच्या वर्षी छताला कापडी पॅनेल लावले, लूकसाठी म्हणे.