कृषी सल्ला : कॅमेलियाच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कालिंपाँगहून कॅमेलियाची दोन रोपे आणून पाचगणीत घराच्या व्हरांड्याजवळ मोठ्या कुंड्यांत लावली. कळ्या भरपूर येतात, पण दिवाळीच्या सुमारास फुगून गळून पडतात. पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. महिन्याला राख आणि अंड्याची टरफले घालते. काय चुकते?

उत्तर : ताई, आधी राख बंद करा. टरफलेही. गुलाबाला जे चालते ते इथे चालत नाही. कॅमेलिया ही चहाचीच सख्खी बहीण, दोघींचे कूळ एक, आणि दोघींना आंबट माती लागते. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साडेपाच ते साडेसहा. राख आणि टरफलांतला चुना सामू वर नेतो. मग लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. हिरव्या शिरांची पिवळी पाने म्हणजे हीच तक्रार. बोअरचे पाणी जड असेल तर तेही यात भर घालते, म्हणून पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच द्या.

फुले संपली की कुंडी बदला. जांभ्याची लाल माती, चांगला कुजलेला पालापाचोळा आणि थोडे जुने शेणखत असे मिश्रण करा. तुमच्याकडे सिल्व्हर ओकचा पाला फुकट मिळतो, तोच कुजवा आणि वरून दोन इंच आच्छादनही त्याचेच घाला. मुळे उथळ असतात, त्यामुळे कुंडी खुरपू नका. मुळांचा गोळा पूर्वीपेक्षा खोल गाडू नका, उलट बोटभर वरच राहू द्या. तळाला निचरा हवाच, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतील.

आता कळीगळ. फुलकळी उन्हाळ्यातल्या नव्या फुटीवर धरते आणि पावसाळाभर हळूहळू पोसते. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, ऊन तापते, आणि आपण मात्र 'आत्ताच तर चार महिने पाऊस झाला' म्हणून निर्धास्त असतो. मोठ्या कुंडीची वरची माती तेव्हा आठवडाभरात कोरडी होते. झाड एकदा तहानले की पहिला बळी कळीचा. दसऱ्यापासून रोज बोट खुपसून ओल पाहा. ओल सतत हवी, चिखल नको. दुसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही : पाहुणे येणार म्हणून कळ्यांनी लदलेली कुंडी व्हरांड्यात आणतात, मग परत बाहेर. कळ्या फुगल्यावर कुंडी हलवू नका.

एका शेंड्याला तीन-चार कळ्या असतील तर एकच ठेवून बाकीच्या अलगद पिरगाळून काढा. गोल, गुबगुबीत ती फुलकळी; बारीक, टोकदार ती पानकळी, तिला हात लावू नका.

दुपारचे ऊन टाळा, सकाळचे कोवळे चालते. वेण्णा तलावाकाठी हिमकण पडतात तशी थंडी तुमच्याकडे पडली, तर त्या पहाटे मात्र पूर्वेचे ऊन गोठलेल्या कळ्यांवर पडू देऊ नका, पाकळ्या तपकिरी होतात.

खत फुले संपल्यावर एकदा आणि पावसाच्या सुरुवातीला एकदा : कुंडीला चमचाभर अमोनियम सल्फेट, तेही माती ओली असताना. त्यानंतर नाही. छाटणीही फुले संपल्याबरोबर करा. ऑगस्टनंतर कात्री लावली तर येत्या हंगामाच्या कळ्याच कापल्या जातील. पानाखाली पांढरट-तपकिरी खवले दिसले तर ती खवले कीड. साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल घालून पानाच्या खालच्या बाजूने फवारा.

प्रश्न : बारामतीजवळ अर्धा एकर कॅमेलिया लावली तर फुलांना बाजार मिळेल का?

उत्तर : नको, दादा. काळी चुनखडीची जमीन, उन्हाळ्यात चाळिशीचा पारा. झाड जगवण्यातच पैसा जाईल. शिवाय या फुलाचा देठ इतका आखूड की जुडी बांधता येत नाही, आणि पाकळीला बोट लागले तरी डाग पडतो. त्याच अर्ध्या एकरात शेवंती किंवा मोगरा घ्या. हौसच असेल तर सावलीत एक कुंडी ठेवा, माती मात्र बाहेरून आणा आणि सासान्क्वा जातीचे रोप घ्या, ते ऊन जरा जास्त सोसते.