रंगाच्या थरावर सांडलेला किरणोत्सर्गी पदार्थ किती सहज निघतो, हे कसं तपासतात?

तुम्ही विचारलंय की कोटिंग ‘सहज साफ होतं’ हा दावा तपासायचा कसा, आणि ओल्या कागदाने पुसून त्या कागदावर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) फिरवला तर पुरे का. मी काही वर्षं हेच नमुने तपासायचं काम केलंय. नुसतं पुसणं पुरत नाही.

पुसलेल्या कागदावर फक्त सुटी घाण येते. कागद कोरा आला तर त्याचे दोन अर्थ निघतात: पृष्ठभागावर काही नाही, किंवा जे आहे ते थरात मुरून बसलंय. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, आणि कागद तो दाखवत नाही.

या चाचणीसाठी आयएसओ ८६९० हे मानक आहे. कोटिंग दिलेल्या छोट्या प्लेटवर सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थाचं मोजून केलेलं द्रावण ठरावीक जागेवर, ठरावीक वेळ राहू देतात. मग ठरलेल्या पद्धतीने धुतात आणि मागे काय उरलं ते मोजतात. द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवतात, नाहीतर कोबाल्ट हायड्रॉक्साइड होऊन साक्यासारखा बसतो आणि कोटिंगचा दोष नसताना आकडा बिघडतो. सीझियम पाण्यात सहज विरघळतो, पण जिथे पाणी शिरतं तिथे तोही शिरतो. उघडं काँक्रीट म्हणूनच इतकं अवघड. वाट बघून सुटकाही नाही: कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ) सव्वापाच वर्षं, सीझियम-१३७चं तीस.

अहवाल वाचताना ‘किती टक्के निघालं’ यावर थांबू नका. समजा सुरुवातीला काउंटरवर २०,००० काउंट, म्हणजे यंत्राने टिपलेल्या किरणांच्या नोंदी, होते. एका कोटिंगवरून ९५ टक्के निघालं, दुसऱ्यावरून ९९. ऐकायला जवळजवळ सारखंच. पण पहिल्यावर १,००० काउंट उरले, दुसऱ्यावर २००. म्हणजे पाचपट फरक, आणि तिथे काम करणाऱ्याच्या अंगावर पडणार ते हे उरलेलंच.

एकदा चांगल्या इपॉक्सीच्या (कडक होणाऱ्या रेझिनच्या रंगाच्या) प्लेटचे आकडे फार वाईट आले. थर काचेसारखा गुळगुळीत, एकही टाचणीएवढं छिद्र नाही. शेवटी प्लेटचा मधला भाग झाकून फक्त कडा मोजल्या, तर बहुतेक काउंट तिथेच! कापलेली कड नीट सील झाली नव्हती, द्रावण ओघळून थराखाली शिरलं होतं. तेव्हापासून कडा भिंगाखाली बघितल्याशिवाय मी प्लेट घेत नाही. रंग पूर्ण ‘क्युअर’ झालाय, म्हणजे आतपर्यंत पक्का झालाय ना, हेही तितक्याच कडकपणे बघतो, कारण कच्चा थर द्रावण शोषतो.

आणि उत्पादकाला एक नक्की विचारा: चाचणी नव्याकोऱ्या प्लेटवर केली, की घासलेल्या प्लेटवरही? जमिनीवर ट्रॉलीची चाकं जिथे वळतात तिथला थर वर्षभरात नव्यासारखा राहत नाही. सांडलेलं पाणी आधी त्याच ओरखड्यांत साचतं.